नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

भाऊने फोनवर एकच विचारलं, “अँटीव्हायरस कोणता टाकू?” घरात कॉम्प्युटर आला की सटाण्यात काय आणि नामपूरला काय, पहिला प्रश्न हाच. पोरी, तुला सांगते, हा प्रश्न पाचव्या-सहाव्या नंबरचा आहे. आधी माझा टायपिंगचा क्लास होता, मग टाइपरायटर सरकवून त्याच खोलीत कॉम्प्युटर, मग एमएस-सीआयटीच्या बॅचेस. एवढ्या वर्षांत मशीनमध्ये जी घाण शिरताना पाहिली, त्यातली जवळजवळ सगळी कुणीतरी स्वतःच्या हाताने आत घेतलेली होती. न विचारता घुसलेलं फार थोडं. बाकी सगळ्याला आपणच ‘येस’ म्हटलेलं असतं. म्हणून हे भाऊला न लिहिता तुला लिहितेय. माउस जास्त वेळ तुझ्याच हातात राहणार आणि भाऊ-वहिनी अडले की हाकही तुलाच मारणार.

तुमचं मशीन सेकंडहँड आहे. त्यात कमीपणा काही नाही, पण दुकानातून जसं आलं तसंच वापरायला घेऊ नकोस. आधीच्या मालकाचं त्यात काय राहिलंय, विंडोज कुठून आणून टाकलंय, हे आपल्याला ठाऊक नसतं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून विंडोज एका आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचं आणि डिस्क पूर्ण पुसून नव्याने टाकायचं. मग सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ बघायचं. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेल्या मशीनला बहुतेक वेळा मूळचं लायसन्स चिकटलेलं असतं, ते आपोआप लागतं. एका दुपारचं काम आहे. जमत नसेल तर रविवारी मशीन गाडीत टाकून सटाण्याला ये.

आता कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाब. डाव्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजीत ‘विनव्हर’ एवढी सहा अक्षरं टाइप कर आणि एंटर मार. कोणतं विंडोज आहे ते समोर येईल. दहा असेल तर लक्षात ठेव, मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केली. घरच्या मशीनसाठी नाव नोंदवून सुरक्षेची अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील असं त्यांनी तेव्हा जाहीर केलं होतं. नोंदणी अपडेटच्याच पानावर असते. मशीन अकरा नंबर घेत असेल तर सरळ अकरा टाक. त्याला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. घेत नसेल तर यूट्यूबवरचे जुगाड करून जबरदस्तीने घुसवू नकोस. वहिनीला रेसिपी, भाऊला सातबारा, तुला अभ्यास, एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट फुकट आहे आणि जुन्या मशीनवर छान चालतं. चार दिवस बुजल्यासारखं होईल, पाचव्या दिवशी हात बसतो.

अपडेटचा एवढा आग्रह का, तर २०१७ आठव. विंडोजमधल्या एका भोकावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच काढला होता. १२ मे रोजी वॉनाक्राय आला, त्याच भोकातून जगभरातल्या दोन लाखांहून जास्त मशीनमध्ये शिरला आणि फायलींना कुलूप घालून पैसे मागू लागला. मधे दोन महिने होते. ज्यांनी तेवढ्यात अपडेट होऊ दिलं, त्यांच्याकडे त्याची ती वाट बंद झालेली होती. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. त्याने हीच वाट वापरली, शिवाय आत शिरल्यावर चोरलेल्या पासवर्डांवर एका मशीनवरून दुसऱ्यावर उड्या मारल्या. उरणच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल त्याने ठप्प केलं. आपल्याकडचा कांदा आणि द्राक्षं त्याच बंदरातून परदेशी जातात, म्हणजे हे काही फार लांबचं नाही.

मळ्यात लाइटचा भरवसा नाही म्हणून अपडेट रोज पुढे ढकलणारे पुष्कळ आहेत. अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली तर विंडोज बिघडू शकतं, हे खरंच. त्याला उपाय यूपीएस. अँटीव्हायरसचे म्हणून जे पैसे भाऊने बाजूला काढलेत, ते यूपीएसच्या बॅटरीला घालायला सांग.

आता मुख्य गोष्ट. क्लासमध्ये पोरांचं एक पाठांतर असायचं: नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. सॉफ्टवेअर कसं टाकायचं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात हेच सांगणार. ते टाकताना काय होतं, ते एकदा सावकाश बघ. समज, पीडीएफ जोडायचं काहीतरी हवंय. गूगलवर शोधलंस. सर्वांत वर जे येतं त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ असतं, ती जाहिरात. साइट उघडली की हिरवीगार तीन-चार ‘डाउनलोड’ बटणं दिसतात, त्यातलं खरं एखादंच, तेही बहुधा सर्वांत लहान. फाइल चालवली. पहिल्या खिडकीत नेक्स्ट. दुसरीत ‘आय ॲग्री’. तिसरीत दोन गोल येतात, वरच्यासमोर ‘रेकमेंडेड’, खालच्यासमोर ‘कस्टम’. वरच्यात ठिपका आधीच भरलेला असतो आणि खालचा मुद्दाम फिकट केलेला असतो. तो फिकट गोल दाब. लगेच चार चौकोन उघडे पडतात, चारही टिक केलेले: ब्राउझरचं होमपेज बदलू का, नवा सर्च टाकू का, अमुक ‘पीसी बूस्टर’ सोबत देऊ का, तमुक अँटीव्हायरस महिनाभर वापरून बघता का. चारही टिक काढ आणि मग पुढे जा. वर्गात मी पोरांना सांगायची, नेक्स्टवर बोट ठेवा, पण दाबण्याआधी खिडकी मोठ्याने वाचा. अर्ध्यांना तिसऱ्या खिडकीत आपण काय कबूल केलं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळायचं.

त्यातही शहाणपण असं की मुळात कमी टाक. पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडते. व्हिडिओला व्हीएलसी, झिपला सेव्हन-झिप, पत्रं आणि हिशेबाला लिब्रेऑफिस. तिन्ही फुकट आहेत, त्यांच्या मूळ साइटवरून घे. मराठी टायपिंगसाठी तर काहीच उतरवू नकोस. गूगलचं जुनं ऑफलाइन मराठी आता गूगलच देत नाही, तरी लोक ते कुठकुठल्या साइटवरून उतरवतात आणि सोबत काय येतं ते बघत नाहीत. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक आतच आहे. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडायची, कीबोर्ड फोनेटिक निवडायचा, आणि विंडोज-स्पेसने इंग्रजी-मराठी आलटूनपालटून वापरायचं.

तुझा धाकटा भाऊ फोटोशॉप आणि गेमचे क्रॅक आणणार, हे मला तू न सांगताही माहीत आहे. आपल्या पट्ट्यात लग्नपत्रिकांपासून वाढदिवसाच्या फ्लेक्सपर्यंत निम्मं जग क्रॅकवर चालतं, त्यामुळे पोरांना त्यात काही वावगं वाटत नाही. त्याला कायद्याचं सांगून उपयोग नाही. त्याला त्या क्रॅकसोबतची सूचना वाचायला लाव. तिच्यात नेमाने एक ओळ असते: इन्स्टॉल करण्याआधी अँटीव्हायरस बंद करा. अनोळखी माणसाने सांगितलं म्हणून राखणदाराला सुट्टी द्यायची आणि त्यानेच दिलेली पेटी घरात उघडायची, असा तो व्यवहार. स्टॉप नावाचं, जाणकार डीजेव्हीयू असंही म्हणतात ते रॅन्समवेअर घरगुती मशीनमध्ये मुख्यतः या क्रॅकमधूनच पसरलं. सकाळी उठून बघावं तर फोटोंच्या नावापुढे भलतीच अक्षरं लागलेली आणि फोल्डरात पैसे मागणारी चिठ्ठी. फोटो जोडण्यापुरतं जिम्प पुरतं, पत्रिकेच्या डिझाइनला इंकस्केप. शिकायला वेळ लागतो म्हणून तो कुरकुर करेल, करू दे.

फाइल उघडण्याआधी तिचं आडनाव बघायची सवय लाव. विंडोज ते मुळात लपवून ठेवतं, ही मला आजवर न पटलेली गोष्ट. फोल्डर उघडून ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक कर. मग ‘बिल डॉट पीडीएफ’ म्हणून आलेली फाइल खरी ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ आहे हे दिसतं. ईएक्सई म्हणजे कागद नसून प्रोग्राम. फोनवर हेच काम एपीके करतं. आरटीओचं चलन, पीएम किसानचा हप्ता, लग्नाची पत्रिका, काहीही नाव देऊन व्हॉट्सॲपवर फिरतं. कार्ड म्हणून एपीके आलं तर पाठवणारा सख्खा मामा का असेना, उघडायचं नाही. मामाचा फोन आधीच कुणीतरी ताब्यात घेतलेला असतो.

आता पेनड्राइव्ह. याबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण तालुक्याच्या गावी निम्मे व्हायरस याच्यावरून प्रवास करतात. ॲडमिशनचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विम्याची पावती, प्रत्येक कामाला स्टँडजवळचं नाहीतर कोर्टासमोरचं प्रिंटचं दुकान. तिथल्या मशीनमध्ये दिवसभरात तालुक्यातले पेनड्राइव्ह येऊन जातात. घरी आणून लावावा तर आपले सगळे फोल्डर दिसतात, नावंही तीच, फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीक बाण. तो बाण दिसला की हात आवर. तो फोल्डर नाही, फोल्डराचं सोंग आहे. डबल क्लिक केलंस की खरा फोल्डर उघडतो, त्यामुळे शंका येत नाही, आणि मागून व्हायरस तुझ्या मशीनमध्ये उतरलेला असतो. पुढचा पेनड्राइव्ह लावला की त्यातही तेच. मूळ फाइली कुठे गेलेल्या नसतात, त्या फक्त लपवलेल्या असतात. लोक घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट मारतात आणि हातचं घालवतात.

करायचं असं. पेनड्राइव्ह लावला की काही न उघडता त्याच्यावर राइट क्लिक करून विंडोजच्याच डिफेंडरने स्कॅन कर. ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर टिक कर. तरी दिसलं नाही तर फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिक काढ. फिकट दिसणारे खरे फोल्डर आता वर येतील. त्यातल्या फाइली मशीनवर उतरव, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट कर, आणि ती काढलेली टिक परत लाव. त्याहून बरं म्हणजे दुकानासाठी एक वेगळा, लहान पेनड्राइव्ह ठेव. त्यात जाताना लागणाऱ्या दोनच पीडीएफ असतील, बाकी कोरा. लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह घेऊन सातबाऱ्याची प्रिंट काढायला जाणारे मी पाहिलेत.

आणि एक, जे व्हायरसपेक्षा वाईट. दुकानदाराला व्हॉट्सॲपवर आधार, पासबुक, जातीचा दाखला पाठवतो, ते सगळं त्याच्या ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहतं. पुढचं गिऱ्हाईक शेजारी उभं असतं. प्रिंट निघाली की गोड बोलून समोरच डिलीट करायला लाव, रिसायकल बिनसुद्धा रिकामं करायला लाव. ओळखीचा असला तरी लाजू नकोस. जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार दे. आधारच्या साइटवरून काढता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

भाऊच्या प्रश्नाकडे आता येते. व्हायरस आपल्या भागात नवे नाहीत. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी ब्रेन नावाचा व्हायरस केला, तो फ्लॉपीवर बसून देशोदेशी फिरला. नव्वदच्या दशकात पुण्यात रहिमतपूरचा एक तरुण कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळला, कैलास काटकर. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसच जास्त निघायचे, म्हणून धाकट्या भावाने, संजयने, ते काढायचा प्रोग्राम लिहिला. त्याचं पुढे क्विक हील झालं आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. फ्लॉपीच्या त्या काळात वेगळा अँटीव्हायरस घेण्याला पर्याय नव्हता, कारण विंडोजचा स्वतःचा असा राखणदारच नव्हता. आज आहे. विंडोज सिक्युरिटी, म्हणजे डिफेंडर, चालू असेल, अपडेट होत असेल आणि तुम्ही क्रॅक टाकत नसाल, तर घरच्या कामाला तो पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. विकतचा घ्यायचाच असेल तर एकच घ्या आणि दरवर्षी नूतनीकरण करा. मुदत संपलेला अँटीव्हायरस तसाच बसवून ठेवायचा आणि वर दुसरा चढवायचा, यासारखा मशीन संथ करायचा हमखास उपाय नाही.

भाऊला भीती वाटेल ती वेगळ्याच गोष्टीची. उजव्या खालच्या कोपऱ्यातून लाल खिडकी वर येते, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले’. हा व्हायरस नसतो, आपणच दिलेली परवानगी असते. सिनेमा फुकट दाखवणारी एखादी साइट म्हणते, तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला ‘अलाऊ’ दाबा. दाबलं की त्या साइटला तुझ्या पडद्यावर हवं तेव्हा पाट्या लावायचा परवाना मिळाला. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स. ‘अलाऊड’च्या यादीतली अनोळखी नावं एकेक करून काढ. वहिनीच्या मोबाइलवरही एकदा बघ, तिथे यादी लांब निघेल.

कधी पूर्ण पडदाच व्यापतो, भोंगा वाजतो आणि मोठा फोन नंबर येतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, एवढं भाऊला पाठ करायला सांग. एस्केप दाबून धर, नाही गेलं तर ऑल्ट-एफफोर, तरी नाही तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद कर. पुन्हा उघडल्यावर ‘रिस्टोर पेजेस’ विचारेल, त्याला नाही म्हण. त्या नंबरवर फोन केलास तर पलीकडचा अगदी अदबीने बोलतो आणि एनीडेस्क, म्हणजे लांबून तुझं मशीन चालवायचं सॉफ्टवेअर, टाकायला सांगतो. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडची कॉल सेंटर्स पकडली होती, तिथून पोरं अमेरिकेतल्या लोकांना टॅक्सवाले म्हणून धमकावत. आता तेच ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून आपल्याकडे फिरलंय. व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद आपल्या कायद्यात नाही. असा फोन आला तर बोलत बसू नका, ठेवून द्या.

गेल्या दोन-तीन वर्षांतला नवा डाव मला जास्त धोक्याचा वाटतो. साइट म्हणते, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. विंडोज-आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. मघाशी मीच तुला विंडोज-आर दाबायला सांगितलं, पण तिथे सहा अक्षरं तू स्वतः टाइप केलीस. इथे त्या साइटने गुपचूप कॉपी करून ठेवलेली लांबलचक आज्ञा तू स्वतःच्या हाताने चिकटवून चालवतेस. कुठलीही खरी साइट असं करायला सांगत नाही. कंट्रोल-व्ही शब्द दिसला की टॅब बंद.

पसाऱ्याकडे वळू. कुठल्याही ‘क्लीनर’ला हात लावू नकोस, पैसे तर मुळीच देऊ नकोस. सीसीक्लीनर हे जगभर वापरलं जाणारं सफाईचं सॉफ्टवेअर. २०१७ मध्ये त्याच्याच अधिकृत आवृत्तीत चोरांनी आपला प्रोग्राम घुसवला आणि वीस लाखांहून जास्त लोकांनी तो भरवशाने उतरवून घेतला. रजिस्ट्री साफ करणारं तर विषच. त्यातून वेग वाढल्याचं मी कधी पाहिलं नाही, काहीतरी चालेनासं झालेलं मात्र पाहिलंय.

सफाईला विंडोजमधलंच पुरे आहे. उन्हाळ कांदा चाळीत भरला की पावसाळाभर तुम्ही तो निवडता, सडका बाजूला काढता. चाळ निवडायची त्याच दिवशी रात्री मशीन निवडायचं, म्हणजे लक्षात राहतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ उघड: मशीन सुरू होताना कोण कोण सोबत उठतं त्याची ती यादी. ऑडिओ आणि सिक्युरिटी सोडून बाकीच्यांना डिसेबल करायला हरकत नाही. डिसेबल म्हणजे काढणं नव्हे, नको तेव्हा उठू नको म्हणणं. मग सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, आणि यादी तारखेप्रमाणे लाव. तुम्ही टाकलेलं नाही आणि नाव ओळखीचं नाही असं दिसलं तर आधी नाव गूगलवर शोध, मग काढ. ब्राउझरची एक्स्टेन्शन्सही तशीच. शेवटी ‘स्टोरेज’मध्ये टेम्पररी फाइल्स. तिथे ‘डाउनलोड्स’चीही एक टिक असते, ती न बघता लावू नकोस, भाऊचे सगळे सातबारे तिथेच पडलेले असणार. व्हॉट्सॲप डेस्कटॉपवर ऑटो डाउनलोड बंद कर, नाहीतर सुप्रभातची फुलं डिस्क भरून टाकतील.

एवढं करूनही मशीन रडत असेल तर दोष पसाऱ्याचा नाही. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसव आणि रॅम आठ जीबी कर. एवढ्याने जुनं मशीनही वेगळं वाटायला लागतं. काढलेली हार्डडिस्क दुकानात सोडून येऊ नकोस, डिलीट केलेलं बरंच काही तिच्यातून परत निघतं. वर्षातून एकदा बाजू उघडून धूळही काढ, मशीन बंद करून, वायर उपटून. मळ्यातल्या घरात ती गावातल्यापेक्षा दुप्पट साचते.

प्रत्येकाचं वेगळं खातं कर. ॲडमिनचं एकच, त्याचा पासवर्ड तुझ्याकडे. धाकट्याचं साधं खातं, म्हणजे काही टाकायचं झालं की त्याला तुझ्याकडे यावं लागेल. भांडेल, पण येईल. पासवर्डला मोबाइल नंबर, गाडीचा नंबर, नाव आणि जन्मसाल, काही चालणार नाही. घरातले एकमेकांशी संबंध नसलेले चार अहिराणी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिही. चोरांच्या याद्यांत इंग्रजी शब्द भरपूर असतात. अहिराणीचं स्पेलिंग तर आपण दोघींनी केलं तरी एकसारखं येणार नाही. जीमेल आणि बँकेचा पासवर्ड कुठेही दुसरीकडे वापरायचा नाही. वहीत लिहून कपाटात ठेवलास तरी माझी हरकत नाही, मॉनिटरला चिकटवलास तर आहे. जीमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच चालू कर, बाकी सगळ्या खात्यांची किल्ली तिथेच आहे.

बॅकअपबद्दल थोडक्यात सांगते, कारण मोठं सांगितलं की लोक करत नाहीत. खरेदीखत, फेरफार, मार्कशीट यांचे स्कॅन आणि घरचे फोटो, एवढंच वाचवायचं. बाकीचं पुन्हा मिळतं. एक बाहेरची हार्डडिस्क, तिच्यावर कॉपी, आणि काम झालं की लगेच वायर काढून कपाटात. लावून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नाही, रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतं. कागदपत्रांची एक प्रत गूगल ड्राइव्हवर. महिन्याला करा म्हटलं तर कुणी करत नाही. निदान सटाण्याच्या देवमामलेदारांच्या यात्रेला, मार्गशीर्ष वद्य एकादशीच्या आधी, घर आवरता तेव्हा एकदा आणि चाळ भरून झाली की एकदा, एवढं ठेव. आणि त्या दिवशी डिस्कवरचे दोन-तीन फोटो उघडून बघ. कॉपी झाली असं वाटणं वेगळं आणि फोटो उघडणं वेगळं.

एवढं करूनही कुणी फसलंच, तर क्रम असा. आधी नेटची वायर काढ किंवा वायफाय बंद कर. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून, या मशीनवरून नाही. पैसे गेले असतील तर रडत बसायच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. व्यवहार जितका ताजा, तितकी रक्कम मधल्या खात्यात अडवली जाण्याची आशा जास्त. व्यवहाराचा नंबर, वेळ, समोरच्याचा नंबर आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेव, तेच सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर भरायचे असतात. मशीन धुवायला सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर फुकट टूल्स आहेत. आणि घरात ज्याच्या हातून झालं असेल त्याच्यावर भाऊला आधी ओरडू देऊ नकोस. ओरडा खाल्लेला माणूस दुसऱ्या वेळी दोन दिवस लपवतो, आणि १९३० ला तेच दोन दिवस महाग पडतात.